रुग्णाची संमती : सही, समज आणि साक्ष

तालुक्याच्या ठिकाणच्या रुग्णालयात शस्त्रक्रिया ठरली की एक छापील कागद पुढे येतो. त्यावर रुग्णाची सही किंवा अंगठा, नातलगाची सही आणि सर्वांत खाली साक्षीदाराची सही, अशा तीन जागा असतात. ही शेवटची जागा भरण्यासाठी गावाकडून सोबत आलेल्या माणसांपैकी लिहिता-वाचता येणारा, चारचौघांत ज्याच्या शब्दाला मान आहे असा कोणी शोधला जातो. तो बहुधा शाळेतील गुरुजी असतो, नाही तर पंचायतीचा सदस्य असतो. घाईची वेळ, रुग्ण आत न्यावयाच्या तयारीत, भूल देणारे डॉक्टर येऊन थांबलेले. अशा वेळी तो कागद वाचत बसणे म्हणजे अविश्वास दाखविल्यासारखे वाटते. सही होते आणि कागद आत जातो.

प्रस्तुत लेखकाच्या हातूनही अशी एक सही झालेली आहे. काही वर्षांपूर्वी कार्यालयातील एका वाहनचालकाच्या आईला पोटदुखीसाठी एका खाजगी रुग्णालयात दाखल केले होते. परिचारिकेने कागद पुढे केला, बोटाने जागा दाखविली आणि सही झाली. आठवड्याभराने भेटावयास गेलो असता त्या माऊलीने विचारले, "साहेब, माझं नेमकं काय काढलं हो?" मुलाकडे पाहिले, तर त्यालाही सांगता येईना. साक्षीदार म्हणून सही करणाऱ्यालाही येईना. कागदावर मात्र स्पष्ट छापलेले होते की शस्त्रक्रियेचे स्वरूप रुग्णास समजेल अशा भाषेत माझ्या समक्ष सांगण्यात आले आहे.

वैद्यकीय हलगर्जीच्या तक्रारी अलीकडे वाढल्या, अशी चर्चा सर्वत्र ऐकू येते. त्या चर्चेत बहुधा उपचार चुकला की नाही, एवढ्यावरच भर असतो. उपचारापूर्वी रुग्णाला काय सांगितले, त्याने काय ऐकले आणि कशाला होकार दिला, हा प्रश्न मागे पडतो. वास्तविक पुष्कळ तक्रारींचे मूळ तेथेच असते.

कायद्याच्या दृष्टीने संमती

दुसऱ्याच्या शरीरावर शस्त्र चालविणे हा एरवी अपराध होय. तो अपराध न ठरता उपचार ठरतो, तो सद्‌हेतूमुळे आणि रुग्णाच्या संमतीमुळे. यासंबंधीची भारतीय दंड संहितेतील तत्त्वे १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही कायम ठेवण्यात आली असून ती कलम २५ पासून पुढे आढळतील. त्यांपैकी कलम २८ प्रत्येक लोकप्रतिनिधीने वाचावे असे आहे. इजेच्या भीतीपोटी किंवा वस्तुस्थितीविषयीच्या गैरसमजुतीतून एखाद्याने होकार दिला असेल, आणि कृती करणाऱ्याला ते ठाऊक असेल किंवा तसे मानण्यास त्याच्याजवळ कारण असेल, तर त्या होकाराला कायदा संमती मानत नाही.

या तत्त्वाचा वैद्यकीय व्यवहारातील अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी दिलेल्या एका निकालात उलगडून दाखविला. ते प्रकरण मुळातून समजून घेण्याजोगे आहे. मे १९९५ मध्ये दिल्लीतील ४४ वर्षे वयाची एक अविवाहित महिला रक्तस्राव थांबत नाही म्हणून एका खाजगी दवाखान्यात गेली. दुर्बिणीने पोटाची तपासणी करावयाचे ठरले. तिने दिलेली संमती या तपासणीसाठी, तिच्या अनुषंगाने दुर्बिणीतून करावयाच्या किरकोळ उपचारासाठी आणि कदाचित पोट उघडावे लागल्यास त्यासाठी होती. ती भुलीच्या अंमलाखाली असताना डॉक्टरांच्या सहायक बाहेर आल्या आणि तेथे बसलेल्या तिच्या वृद्ध आईची सही घेऊन गेल्या. त्या सहीच्या आधारे गर्भाशय, दोन्ही बीजकोश आणि बीजवाहिन्या काढून टाकण्यात आल्या.

शस्त्रक्रिया रुग्णाच्या भल्यासाठीच केली, रोगाचे निदान पाहता ती करणे योग्यच होते आणि आईची संमती होती, असा बचाव मांडण्यात आला. राष्ट्रीय आयोगाने तक्रार फेटाळली होती. सर्वोच्च न्यायालयाने मात्र वेगळा प्रश्न विचारला. रुग्ण सज्ञान आहे, तिची बुद्धी शाबूत आहे, ती केवळ काही तास बेशुद्ध आहे, आणि जिवाला तत्काळ धोका नाही. मग ती शुद्धीवर येईपर्यंत थांबण्यास अडचण कोणती होती? आईची सही ही मुलीची संमती होऊ शकत नाही, असे न्यायालयाने ठरविले. डॉक्टरांना शस्त्रक्रियेचे शुल्क नाकारण्यात आले व २५,००० रुपयांची भरपाई द्यावी लागली. रक्कम अल्प आहे, आणि याचे कारणही निकालात आहे: शस्त्रक्रिया काळजीपूर्वक व सद्‌हेतूने केली गेली होती. दोष हाताचा नव्हता. न विचारण्याचा होता.

संमती घेण्यापूर्वी रुग्णाला काय सांगितले पाहिजे, हेही याच निकालात आले आहे. कोणता उपचार करावयाचा, कशासाठी करावयाचा, त्यापासून लाभ कोणता, त्याऐवजी दुसरा मार्ग आहे काय, महत्त्वाचे धोके कोणते आणि उपचार नाकारल्यास काय होईल, इतक्या गोष्टी रुग्णाला कळल्या पाहिजेत. तपासणीसाठी दिलेली संमती शस्त्रक्रियेला लागू पडत नाही, आणि एका शस्त्रक्रियेसाठी दिलेली संमती दुसरीला पुरत नाही. जीव वाचविण्यासाठी तत्काळ काही करणे भाग असेल, तर तो अपवाद. मात्र लाखात एखाद्याला होणारा अपाय सांगून रुग्णाला घाबरवून सोडावे, अशी अपेक्षा न्यायालयाने केलेली नाही. असे केल्यास आवश्यक उपचारही रुग्ण नाकारील, याची जाणीव निकालात दिसते.

दंतवैद्यकातील एक साधे उदाहरण घेऊ. खालच्या जबड्यातील अडकलेली अक्कलदाढ काढताना तिच्या मुळाशी असलेल्या शिरेला धक्का पोहोचून ओठाचा व हनुवटीचा भाग काही काळ, क्वचित कायमचा, बधिर होऊ शकतो. हा धोका आधी सांगितला असेल तर रुग्ण बधिरतेची वाट पाहतो, पुन्हा दाखवावयास येतो. सांगितला नसेल तर तोच रुग्ण "डॉक्टरने शीर कापली" असे म्हणत गावभर फिरतो. दोन्ही वेळी हात तोच, कौशल्य तेच आणि परिणामही तोच असतो.

'पिशवी काढली'

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर संमतीचा प्रश्न सर्वांत तीव्रतेने पुढे आला तो बीड जिल्ह्यात. गर्भाशयाला आपल्याकडील ग्रामीण स्त्रिया 'पिशवी' म्हणतात. एखादी जुनी, फाटकी वस्तू टाकून द्यावी तितक्या सहजतेने "पिशवी काढून टाकली" असे सांगणाऱ्या, पस्तिशीही न ओलांडलेल्या स्त्रिया ऊसतोड कामगारांच्या वस्त्यांत भेटतात. २०१९ मध्ये हा विषय विधिमंडळात गाजला आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. त्या वेळी करण्यात आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. म्हणजे दर सहा जणींमागे एक.

हे कसे घडले, याचे उत्तर एकट्या दवाखान्यात सापडणार नाही. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. हंगामापूर्वी मुकादमाकडून घेतलेली उचल त्या कोयत्याने फेडावयाची असते. एक दिवस कामावर न गेल्यास 'खाडा' लागतो व पैसे कापले जातात. फडात ना आडोसा, ना पुरेसे पाणी. पहाटेपासून मोळ्या वाहावयाच्या, रात्री खोपीत निजावयाचे. अशा स्थितीत अंगावरून जास्त जाणे, पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे या तक्रारी वाढल्यास नवल ते काय! यांपैकी पुष्कळ तक्रारी जंतुसंसर्गाच्या असतात आणि गोळ्यांनी बऱ्या होऊ शकतात. अतिरक्तस्रावावरही औषधांचे व अन्य उपाय आहेत. पण हंगाम तोंडावर आलेला असतो, दवाखान्याच्या फेऱ्या परवडत नाहीत, आणि "पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल" एवढे एक वाक्य कानी पडले की प्रश्न मिटतो. नवरा होकार देतो, सासू होकार देते, बाईही होकार देते. अंगठा कागदावर उमटतो.

या सर्व शस्त्रक्रिया अनावश्यक होत्या असे म्हणता येणार नाही, आणि सर्व डॉक्टरांवर एकच शिक्का मारणे अन्यायाचे होईल. पण वर दिलेले कलम २८ येथे पुन्हा वाचावे. कॅन्सरची भीती घातली गेली, तपासणी मात्र झालीच नाही. बीजकोशही काढल्यास ऐन तारुण्यात पाळी कायमची थांबते, हाडे ठिसूळ होऊ लागतात, हे सांगितले गेले नाही. औषधांचा पर्याय आहे हेही सांगितले गेले नाही. अशा वेळी उमटलेल्या अंगठ्याला संमती म्हणावयाचे काय? पुढे बीड जिल्ह्यात खाजगी रुग्णालयांनी गर्भाशय काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी, असा दंडक घालण्यात आला. २०२२ मध्ये केंद्र शासनानेही अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रियांना आळा घालण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. या उपायांचा उपयोग आहेच. तथापि दसऱ्यानंतर तांडे निघण्यापूर्वी गावातच एखाद्या आशा ताईने किंवा अंगणवाडी सेविकेने चार बायका बसवून दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला घेण्यास सुचविले, तर त्याचाही उपयोग कमी नाही. सरकारी रुग्णालयात असा सल्ला विनामूल्य मिळतो, ही माहितीच पुष्कळ घरांत पोहोचलेली नसते.

कोणी द्यावयाची?

संमती रुग्णाचीच, हा साधा नियम. नातेवाइकांची सही घेण्याची प्रथा आपल्याकडे रूढ आहे आणि कुटुंबाला विश्वासात घेण्यात वावगे काही नाही. परंतु सज्ञान व शुद्धीवर असलेल्या माणसाच्या संमतीची जागा ती सही घेऊ शकत नाही. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याखाली सज्ञान स्त्रीच्या केवळ स्वतःच्या संमतीची गरज असते, पतीच्या नव्हे. मुलगी १८ वर्षांखालील असेल किंवा स्त्री मानसिक आजाराने ग्रस्त असेल, तरच पालकाची लेखी संमती लागते. कुटुंब नियोजनाच्या शस्त्रक्रियेबाबत केंद्र शासनाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार जोडीदाराची संमती आवश्यक नाही. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत मात्र वंध्यत्व आणणाऱ्या शस्त्रक्रियेसाठी पती-पत्नी दोघांची संमती सांगितलेली आहे. हा विसंवाद दूर व्हावयास हवा, असे नम्रपणे सुचवावेसे वाटते.

याच शस्त्रक्रियांबाबत सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये एक महत्त्वाचा निकाल दिला. बिहारमधील अररिया जिल्ह्यात ७ जानेवारी २०१२ रोजी एका शाळेत भरलेल्या शिबिरात एकाच शल्यविशारदाने दोन तासांत ५३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया उरकल्या होत्या. शिबिरांची पद्धत तीन वर्षांत बंद करावी, संमतिपत्रातील मजकूर रुग्णाच्या भाषेत समजावून सांगावा आणि त्यानंतर फेरविचारासाठी सुमारे तासाभराचा अवधी द्यावा, असे न्यायालयाने सांगितले. उद्दिष्टपूर्तीच्या काळात गावोगावी राबलेल्या जुन्या शिक्षकांना या तासाचे मोल सांगावयास नको.

मुलांच्या बाबतीत शिक्षकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १२ वर्षांखालील मुलाची संमती कायद्याला मान्य नाही. ती पालकाकडून घ्यावी लागते. त्यापुढील वयातही १८ वर्षे पूर्ण होईपर्यंत रुग्णालये पालकाचीच सही घेतात. शाळेत आरोग्य तपासणी होते, दंततपासणीचे शिबिर भरते. तपासणीची सूचना पालकांना आधी द्यावी. मात्र दात काढावयाचा असेल, भूल द्यावयाची असेल, तर "आम्हीच मुलांचे पालक" असे प्रेमाने म्हणून गुरुजींनी सही करण्याचे टाळावे. अपघात झाला, मूल अत्यवस्थ आहे आणि पालक वेळेत सापडत नाहीत, अशा प्रसंगी डॉक्टरांनी संमतीवाचूनही उपचार करण्यास कायद्याची आडकाठी नाही. उलट तातडीच्या वेळी पोलिसांची किंवा कागदपत्रांची वाट न पाहता जीव वाचविणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितले आहे.

पालशेत आणि औरंगाबाद

संमतिपत्रावर सही केली म्हणजे पुढे काही बिघडल्यास बोलण्याची सोय उरली नाही, असा समज सर्वत्र दिसतो. तो चुकीचा आहे. शस्त्रक्रियेतील अंगभूत धोका रुग्णाने पत्करलेला असतो. हलगर्जी त्याने पत्करलेली नसते. या दोहोंतील फरक दाखविणारी दोन प्रकरणे महाराष्ट्राच्या भूमीवरच घडली आणि आज देशभरच्या न्यायालयांत त्यांचा दाखला दिला जातो.

पहिले रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतचे. ६ मे १९५३ रोजी तेथील समुद्रकिनाऱ्यावर सुमारे वीस वर्षांच्या एका तरुणाच्या डाव्या मांडीचे हाड मोडले. स्थानिक डॉक्टरांनी पायाला फळ्या बांधल्या. पुढे टॅक्सीने सुमारे दोनशे मैलांचा रात्रीचा प्रवास करून ९ मे रोजी त्याला पुण्यास आणण्यात आले. वडील स्वतः दौंडला वैद्यकीय व्यवसाय करीत होते. पुण्यातील एका रुग्णालयात पूर्ण भूल न देता, तीन मदतनिसांच्या साहाय्याने पाय जोराने ओढून हाड बसविण्यात आले व प्लास्टर घातले गेले. त्याच रात्री मुलगा दगावला. वडिलांनी २५,००० रुपयांचा दावा लावला. कनिष्ठ न्यायालयाने ३,००० रुपये मंजूर केले, उच्च न्यायालयाने ते कायम ठेवले आणि १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही. रुग्ण स्वीकारावा की नाही हे ठरविताना, कोणता उपचार द्यावा हे ठरविताना आणि तो उपचार देताना, अशा तिन्ही टप्प्यांवर डॉक्टरने वाजवी काळजी घेतली पाहिजे; असामान्य कौशल्याची अपेक्षा नाही, पण अगदी खालच्या दर्जाचे कौशल्यही चालणार नाही, असे या निकालाने सांगितले. वडील डॉक्टर असूनही न्यायास पंधरा वर्षे लागली, हेही नोंदवावयास हवे.

दुसरे प्रकरण शासनाला थेट आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणारे आहे, आणि शासकीय मासिकातच ते सांगितले गेले पाहिजे. जुलै १९६३ मध्ये औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील सरकारी रुग्णालयात एक महिला बाळंत झाली. तीन दिवसांनी, १३ जुलै रोजी, तिच्यावर कुटुंब नियोजनाची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर ताप आणि वेदना थांबेनात. १९ जुलै रोजी दुसऱ्या डॉक्टरांनी पोट पुन्हा उघडले तेव्हा आत राहून गेलेला कापडी बोळा निघाला. २४ जुलै रोजी ती मरण पावली. कनिष्ठ न्यायालयाने ३६,००० रुपयांची भरपाई दिली. उच्च न्यायालयाने ती रद्द केली. आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा बहाल केली. कोणाच्या हातून बोळा राहिला हे रुग्णाच्या नातलगांनी सिद्ध करण्याची गरज नाही, पोटात बोळा सापडणे हेच पुरेसे बोलके आहे. आणि रुग्णालय चालविणे हे सार्वभौम सत्तेचे कार्य नसल्यामुळे शासनाला जबाबदारी टाळता येणार नाही, असे न्यायालयाने ठरविले. तेहतीस वर्षांत त्या बाळाचेही एक आयुष्य उभे राहिले असेल.

याउलट प्रत्येक अपयश म्हणजे हलगर्जी नव्हे. कुटुंब नियोजनाची शस्त्रक्रिया नीट करूनही क्वचित गर्भ राहतो. केवळ तेवढ्यावरून डॉक्टर दोषी ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये म्हटले आहे. त्याच वर्षीच्या ५ ऑगस्टच्या दुसऱ्या निकालानुसार फौजदारी गुन्ह्यासाठी साधी चूक पुरेशी नाही, हलगर्जी घोर स्वरूपाची असावी लागते. पोलिसांनी डॉक्टरविरुद्ध कारवाई करण्यापूर्वी स्वतंत्र वैद्यकीय मत, शक्यतो सरकारी सेवेतील डॉक्टरांचे, घ्यावे आणि सरसकट अटक करू नये. न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये वैद्यकीय प्रक्रियेत हलगर्जीने मृत्यू घडविणाऱ्या नोंदणीकृत डॉक्टरला दोन वर्षांपर्यंत कैद व दंड सांगितला आहे. रुग्ण दगावताच पोलीस ठाण्यावर मोर्चा नेणाऱ्या स्थानिक पुढाऱ्यांनी हे समजून घेतलेले बरे. आणि दवाखान्याची मोडतोड करणाऱ्यांना हेही ठाऊक असावे की २०१० च्या राज्य कायद्याने तो तीन वर्षांपर्यंत कैदेचा अपराध असून नुकसानीच्या दुप्पट रक्कम वसूल होऊ शकते.

तक्रार करावयाची झाल्यास

सर्वांत आधी कागद मिळवावेत. २००२ च्या आचारसंहितेनुसार रुग्णाने किंवा त्याने अधिकृत केलेल्या व्यक्तीने मागणी केल्यापासून ७२ तासांच्या आत उपचारांची कागदपत्रे देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे, आणि दाखल रुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपून ठेवावयाच्या आहेत. मुंबई उच्च न्यायालयानेही १९९६ मध्ये गोपनीयतेची सबब सांगून रुग्णालाच त्याचे केसपेपर नाकारता येणार नाहीत, असा निर्णय दिला. मागणी लेखी करावी, पोच घ्यावी, नकलांचा खर्च द्यावा. सरकारी रुग्णालयाच्या बाबतीत माहिती अधिकाराचाही मार्ग आहे. भांडणाचा सूर न लावता अर्ज दिल्यास बहुतेक ठिकाणी कागद मिळतात, असा अनुभव आहे.

वर उल्लेखिलेल्या वाहनचालकाच्या आईचे कागदही असेच मिळाले. खड्यांनी भरलेले पित्ताशय काढले होते. पुढे दुसऱ्या डॉक्टरांना दाखविले तेव्हा त्यांनी शस्त्रक्रिया आवश्यक होती आणि उत्तम झाली आहे, असे सांगितले. तक्रारीचे कारणच उरले नाही. फक्त संमतिपत्रावर शस्त्रक्रियेचे नाव लिहावयाची जागा कोरी होती, आणि तिच्याखाली आमची सुवाच्य सही. पित्ताशय म्हणजे काय, ते नसल्याने जेवणाखाण्यात काय सांभाळावयाचे, हे त्या बाईंना त्या दुसऱ्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून पाच मिनिटांत समजावून दिले.

कागद हाती आल्यावर तक्रार कोठे करावयाची, हे मागणी काय आहे त्यावर ठरते. डॉक्टरच्या व्यावसायिक वर्तनाबद्दल तक्रार असेल, तर महाराष्ट्र वैद्यक परिषद आणि दंतवैद्यांच्या बाबतीत राज्य दंत परिषद. या संस्था ताकीद देऊ शकतात, नोंदणी स्थगित करू शकतात. भरपाई देऊ शकत नाहीत. खाजगी रुग्णालयाचे दर, सोयी किंवा वागणूक यांबद्दल गाऱ्हाणे असेल, तर शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखालील स्थानिक प्राधिकाऱ्याकडे जावे. या कायद्याच्या जानेवारी २०२१ मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक दर्शनी भागात लावणे रुग्णालयांवर बंधनकारक आहे. सरकारी रुग्णालयाबद्दल वैद्यकीय अधीक्षक, मग जिल्हा शल्यचिकित्सक, आणि प्राथमिक आरोग्य केंद्राबद्दल जिल्हा आरोग्य अधिकारी. रुग्ण कल्याण समितीत जिल्हा परिषद व पंचायत समितीचे सदस्य असतात. समितीच्या बैठकीत रंगरंगोटीच्या खर्चाइतकाच वेळ संमतिपत्रांच्या नमुन्यांना दिला गेला, तर पुष्कळ तक्रारी उद्भवणारच नाहीत. हे नमुने मराठीत आहेत काय, शस्त्रक्रियेचे नाव हाताने लिहिले जाते काय, आदिवासी भागात गोंडी, कोरकू किंवा भिली बोलणारे कोणी ते समजावून सांगते काय, इतके पाहिले तरी पुरे.

भरपाई हवी असल्यास जिल्हा ग्राहक आयोग. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरविले आणि २०१९ च्या नव्या कायद्याखालीही ते कायम आहे. जेथे सर्वांनाच मोफत सेवा मिळते अशी सरकारी रुग्णालये यातून वगळली आहेत. पण काही रुग्णांकडून शुल्क घेऊन इतरांना मोफत उपचार देणाऱ्या रुग्णालयात मोफत रुग्णालाही ग्राहकच समजले जाते. पूर्णतः मोफत सरकारी सेवेबाबत दिवाणी न्यायालयाचा दरवाजा, औरंगाबादच्या प्रकरणात होता तसाच, उघडा आहे. कुटुंब नियोजनाची शस्त्रक्रिया अयशस्वी झाल्यास किंवा तीत अपाय झाल्यास शासनाची स्वतंत्र नुकसानभरपाई योजना आहे. त्यासाठी न्यायालयात जावे लागत नाही, मात्र अर्ज विनाविलंब आरोग्य यंत्रणेकडे द्यावा लागतो.

ग्राहक आयोगाकडील तक्रार घटनेपासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. उशीर झाल्यास त्याचे सबळ कारण द्यावे लागते. ती तक्रारदाराच्या स्वतःच्या जिल्ह्यात दाखल करता येते. मुंबई-पुण्यात उपचार घेतलेल्या गडचिरोलीच्या रुग्णाला तेथवर हेलपाटे घालण्याचे कारण नाही. सेवेपोटी दिलेली रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगच पुरे, आणि ती ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्कही नाही. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञ डॉक्टरचे मत जोडलेच पाहिजे असे नाही, हे २०१० मध्ये स्पष्ट झाले आहे. परंतु उपचाराची योग्यता हाच वादाचा मुद्दा असेल तर असे मत मिळविणे हिताचे. वकील असलाच पाहिजे अशी अट नाही. अर्ज मराठीत, घटनांच्या तारखा क्रमाने देऊन लिहावा. सोबत केसपेपर, देयके, औषधांच्या चिठ्ठ्या, तपासणीचे अहवाल व संमतिपत्र यांच्या नकला जोडाव्यात आणि मूळ कागद स्वतःजवळ ठेवावेत.